पहिली घागर

बोरिवली (पश्चिम)
रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

प्रिय बेलाबाय,

काल मृतांच्या दिवशी सकाळी साडेआठला मी कबरस्तानात पोहोचलो, तर आपल्या मायच्या कबरीवरची मेणबत्ती अर्धी जळून गेलेली आणि शेजारी पिवळी शेवंती. म्हणजे तू मुलुंडहून पहिल्या बसने येऊन गेलीससुद्धा. मला चुकवायला पहाटे उठलीस. सत्तरीत एवढी धावपळ झेपते तुला, याचा मला आधी आनंदच झाला. वाईट नंतर वाटलं.

फोन तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र. शाळेत एकतीस वर्षं पोरांना पत्रलेखन शिकवलं, 'मायना, मजकूर, शेवट, पाच गुण.' आता स्वतःवर वेळ आली तर मायन्यातच तीन कागद फाडले.

पण बातमी अशी आहे की पोटात राहत नाही! आपली किम लग्न करतेय. माझी नात किम्बर्ली, जी तुझ्या अळूच्या वाफ्यात बसून माती खायची, ती. मुलगा वाकोल्याचा, ब्रेंडन नावाचा, पंप दुरुस्तीचं काम करतो, हसरा आहे. लग्न २ फेब्रुवारीला. माझा मुलगा आणि सून मस्कतहून जानेवारीअखेर येतील.

आणि लग्नाच्या आदल्या संध्याकाळच्या अंघोळीसाठी किमने अट घातलीय. म्हणाली, "आजा, उंबराचं पाणी आपल्या पाखाडीतल्या विहिरीचं. टँकरचं पाणी मी डोक्यावर घेणार नाही."

मी म्हटलं, "बाळा, विहिरीला जाळी ठोकून दोन वर्षं झाली. त्यात विष आहे."

"म्हणूनच तर. विष काढू."

बेला, तू ऐकायला हवं होतंस. जसं कुणी म्हणावं, 'डाळीत खडे आहेत, काढू.'

तुला माहीतच आहे, ती अंधेरीच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे ते लोक एक विकर बनवतात. एन्झाइम गं. मातीतल्या एका जिवाणूला कीटकनाशक खायची सवय होती, त्याच्या पोटातली ही कात्री. विहिरीतलं विषारी द्रव्य म्हणजे दोन तुकडे एकमेकांना घट्ट चिकटलेले. विकर बरोबर सांध्यावर घाव घालतो. दोन तुकडे सुटे झाले की डंख गेला. उरलेलं कोळशाच्या थरात अडकतं.

मी तिला म्हटलं, "अगं, हा तर समासाचा विग्रह!" ती हसली, पण खरंच सांगतो, मला इतकं लख्ख समजलं! आणि गंमत ऐक, तुकडे करून झाले तरी विकर तसाच राहतो, पुढच्या कणाकडे वळतो. आम्हा मास्तरांसारखं. वर्ग पुढे जातात, मास्तर त्याच फळ्यापाशी. किम म्हणाली, "शेवटी थकतो पण तो, आजा." ते तर अधिकच जुळलं.

आता मुद्दा. आपल्या घरात पहिली घागर थोरल्या बाईने काढायची. माझ्या लग्नात मायने काढली, मुलाच्या लग्नात तू. आता घरातली थोरली तूच. पाणी साफ किम करेल. घागर तुझ्याशिवाय कोण काढणार?

विहीर कुणी बिघडवली, कशी बिघडली, ते आता कशाला उगाळायचं? ते राहू दे.

उत्तराची वाट पाहणारा
जॉन


रविवार, १७ नोव्हेंबर

बेलाबाय,

पोचपावती माझ्याकडे आहे, सही तुझीच आहे, आणि 'ला'ला तू अजून तशीच गाठ मारतेस. उत्तर मात्र नाही. ठीक.

आमची पहिली फेरी आपटली! पण काय आपटली म्हणून सांगू!

किम आणि तिच्यासोबत काम करणारा ओजस, दोघांनी मिळून एक माणूसभर उंच पारदर्शक नळी आणली. तिच्यात भरायला मणी, समुद्रशेवाळाच्या चिकापासून बनवलेले. प्रत्येक मण्यात विकर कोंडलेला. दिसायला थेट भिजवलेला साबुदाणा. धोंडिराम तिथेच होता. पालिकेचा तो, डासांसाठी विहिरीत गप्पी मासे सोडतो. तो म्हणाला, "मास्तर, माझ्या माशांना टाकायचे का थोडे?" किमने असा डोळा वटारला की तो दोन पावलं मागे सरकला.

ब्रेंडनने पंप लावला. जाळीचं कुलूप उघडलं तेव्हा, बेला, तो गारवा अंगावर आला. ओल्या दगडाचा, नेच्याचा. मी डोळे मिटले तर तू परकरात, काठावर पाय सोडून बसलेली, आणि मी तुझ्याकडून कविता पाठ करून घेतोय. चूक झाली की मी विहिरीत खडा टाकायचो, आणि तू मुद्दाम चुकायचीस. आवाज ऐकायला.

असो. पाणी खालून वर, नळीतून, कोळशातून आणि परत विहिरीत. पहिला दिवस झकास. दुसऱ्या दिवशी मणी फुगले. तिसऱ्या दिवशी नळीत खीर! आपली विहीर खाडीजवळची, पाणी मचूळ. मिठाने मणी विरघळवले. अंधेरीतल्या गोड्या पाण्यात नऊ आठवडे टिकलेले मणी बोरिवलीत तीन दिवसांत गेले.

मला वाटलं, पोरगी रडेल. ती जमिनीवर बसली, बोट खिरीत बुडवलं आणि म्हणाली, "ओजस, काचेचे घेऊ. सच्छिद्र काच. मीठ काय करतंय बघू." हा सगळा हट्ट कुणाचा, ते तुला मी सांगायला नको. माझ्याकडून तर आलेला नाही.

तुझा
जॉन


रविवार, ८ डिसेंबर

बेला, बेला, बेला!

झालं! काचेच्या मण्यांनी केलं! साखरेच्या दाण्याएवढे मणी, त्यांच्या बारीक भोकांत विकर पक्का बसवलेला. तीन नळ्या एकापुढे एक. दहा दिवस पंप चालू. सुरुवातीला पाण्यातलं विष मर्यादेच्या बारापट होतं. चौथ्या दिवशी सातपट. सातव्या दिवशी दोनपट. काल संध्याकाळी किम अंधेरीहून आली ती गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत, "आजा, मर्यादेच्या खाली! खूप खाली!" मी पायात चप्पल न घालता धावलो. शहात्तराव्या वर्षी! गुडघ्याने आज हिशोब मागितला, पण दिला नाही मी.

प्यायचं नाही हं, असं तिने बजावलंय. अंघोळीला चालेल. उंबराच्या पाण्याला तेवढंच तर हवं.

धोंडिरामने लगेच जाळीच्या पिंजऱ्यात पाच गप्पी मासे सोडले. माणसापेक्षा माशाला आधी कळतं म्हणतो. शेपट्या हलवत पाचही फिरतायत. मी दर तासाला मोजून येतो.

पाखाडीतल्या सगळ्या घरांनी क्रुसापाशी फुग्या तळल्या, गरमागरम. सगळे जमले होते. शेजारचा पास्कल तोंडात फुगी कोंबून म्हणाला, "चला, बेलाबाईने घाण केली, पोरीने निस्तरली. घरचं घरात मिटलं." दोघेतिघे हसले.

मी हातातली फुगी परत ठेवली. तळलेलं मला सोसत नाही हल्ली.

माळ्यावरून जुनी ट्रंक काढली आज. वाळवीने खाल्लेल्या वह्या, त्यात एक तुझी निघाली. तिसरीतली. तुझी कविता आहे तीत:

विहीर आमची खोल खोल,
आत आभाळ गोल गोल.

खाली माझी लाल शाई: 'यमक ठीक. आशय कमी.' मी तेव्हा नववीत होतो आणि आधीच मास्तर झालो होतो. आज वाचली, तर आशय कमी कुठे आहे ते सापडेना.

घागर घासून ठेवू का?

जॉन


रविवार, २२ डिसेंबर

प्रिय बेलाबाय,

वर आलं. पुन्हा. नळ्या बंद करून नऊ दिवस होत नाहीत तोच पाणी मर्यादेच्या तिप्पट. पाचांतले दोन मासे गेले, तिघे खालीच बसून आहेत. धोंडिरामने त्यांना बादलीत घेतलं.

किम म्हणते, विकराची चूक नाही. तो पाण्यात येईल तेवढं कापतो. पण कुठूनतरी येतंच आहे. "आजा, नळ चालू ठेवून लादी पुसतोय आपण. उगम सापडला नाही तर फेब्रुवारी सोड, कधीच साफ होणार नाही."

मग तिने पाखाडीचा नकाशा काढला, चौकोन पाडले आणि लांब सळईसारख्या गिरमिटाने एकेका चौकोनातली माती काढून पिशव्या भरल्या. सुरुवात कुठून, ओळख. तुझ्या वाडीतून. सगळ्यांनी बोट दाखवलं तिथूनच.

आणि ऐक! तुझी माती स्वच्छ निघाली! बाराच्या बारा पिशव्या! माठाचा वाफा, मुळ्याचा, अळूचा, पपईखालचा, कुठे अंशसुद्धा नाही. तू म्हणाली होतीस, निंबोळीचं तेल आणि साबण, दुसरं काही नाही. अगदी तेच. मी कागद हातात घेऊन पास्कलच्या दारात गेलो आणि मोठ्याने वाचला. तो म्हणाला, "मग कुणी केलं? भुताने?"

मी म्हटलं, "वाच तू आधी."

किमचे आता थोडेच चौकोन उरलेत. पश्चिमेकडचे तिने सोडलेत. तिथे माझ्या घराचं जोतं आहे, दगडी, तिथे काय असणार? असं तिला सांगितलं.

म्हणजे मी सांगितलं.

नाताळ सुखाचा जावो. फराळाचे कलकल पाठवतोय डब्यातून, सुनेच्या हातचे नाहीत, माझ्याच हातचे. कडक झालेत. दाढेने खाऊ नकोस.

जॉन


रविवार, ५ जानेवारी २०२५

बेला,

आज मायना नाही. तुला 'प्रिय' म्हणायचा हक्क आधी मिळवायला हवा.

विहीर मी बिघडवली.

आता सरळ लिहितो, वळणं घेत नाही. दोन वर्षांपूर्वी, सप्टेंबरात, माझ्या ट्रंकेला वाळवी लागली. एकतीस वर्षांच्या वह्या. पोरांच्या कविता, माझ्या, तुझी. मला वेड लागायची पाळी आली. माणूस बोलावला असता तर त्याने विहीर किती लांब आहे ते विचारलं असतं. मी दुकानातून वाळवीचं औषध स्वतः आणलं. तीन डबे. डब्यावरचं बारीक वाचलं नाही. मला वाटलं, जितकं जास्त तितकं बरं. जोत्याला गिरमिटाने भोकं पाडली आणि डबेच्या डबे ओतले. विहीर तिथून अकरा पावलं आहे. मी तेव्हा मोजली नाहीत. आता मोजली.

आणि उरलेलं औषध, डबे धुतलेल्या पाण्यासकट, विहिरीच्या दगडी पाटात ओतलं. आपल्या लहानपणी त्याच पाटातून पाणी तुझ्या वाडीला जायचं, आठवतं? पुढे गटारात. मला तोच उतार आठवत होता. मधल्या काळात पाखाडीत लाद्या बसवल्या, उतार उलटा झाला, पाट आता विहिरीकडे वाहतो. सगळ्या पाखाडीला ठाऊक होतं. मी आठवणीतल्या उतारावर ओतलं.

आठवड्याने मासे पालथे झाले. धोंडिरामने आरडाओरडा केला. सगळे जमले, आणि सगळ्यांची नजर तुझ्या फवारणीच्या पंपाकडे गेली. तू म्हणालीस, "मी निंबोळी मारते. जॉन, तू तरी सांग यांना." आठवतं मला. तू माझ्याकडेच बघत होतीस.

मी म्हटलं, "जाऊ दे बेला. झालं ते झालं."

सहा शब्दांत मी तुला दोषी केलं आणि वर क्षमाही करून टाकली. तू महिन्याभरात लेकीकडे मुलुंडला गेलीस. मी लोकांना सांगत राहिलो, तिकडे तिचा जीव रमला.

आधीच्या पत्रांत 'कोणी केलं ते राहू दे' असं लिहिलंय मी. ती पत्रं परत दे म्हणत नाही. ठेव.

काल सकाळी किम माझ्या ओट्यावर नकाशा पसरून बसली होती. म्हणाली, "आजा, सगळे चौकोन संपले. कुठेच नाही. मी हरले. ब्रेंडनला सांगते, टँकर बोलाव." आणि ती कागद गोळा करायला लागली, बेला. नळीत खीर झाली तेव्हा न हरलेली पोरगी.

मी म्हटलं, "थांब. एक पट्टा राहिलाय."

"कुठला?"

"ज्याच्यावर तू बसलीयेस."

सगळं सांगितलं. तिने गोळा केलेला नकाशा पुन्हा पसरला. मग म्हणाली, "तीन आठवडे मी माती चाळते आहे. तुला माहीत होतं."

"हो."

"बेला आजीला दोन वर्षं."

"हो."

ती उठून गेली. गिरमीट घेऊन परत आली, आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता माझ्याच पायरीशी भोक पाडायला बसली. पिशवीवर तिने माझं नाव लिहिलं. चौकोनाचा नंबर नाही. नाव.

आज मिस्सानंतर क्रुसापाशी रोजरीला सगळे जमले, तेव्हा मी उभा राहिलो. मला वाटलं होतं, जन्मभर व्याख्यानं दिली, जमेल. एक वाक्य धड आलं नाही. "मी केलं. बेलाने नाही. मला माहीत होतं," एवढंच निघालं. पास्कल म्हणाला, "मास्तर, तुम्ही? आम्ही तिला काय काय बोललो!" मग टोपी काढून डोकं खाजवत बसला. त्याच्या बायकोने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही, पण शैली उत्तम होती.

आणि आता तुला विचित्र वाटेल ते सांगतो. घरी आलो आणि मला भूक लागली. दोन वर्षांत पहिल्यांदा कडकडून.

मी क्षमा मागत नाही. ती मागणंही पुन्हा तुझ्यावरच ओझं टाकणं. फक्त खरं ते तुझ्याकडे पोहोचतं करतोय.

जॉन


रविवार, २६ जानेवारी

बेलाबाय,

ओटा गेला! माझा ओटा, जिथे बसून मी चाळीस वर्षं संध्याकाळ बघितली, तो फोडला. ओजस आणि ब्रेंडन तोंडाला फडकी बांधून चार दिवस खणत होते. खालची माती पिंपांत बंद करून असल्या कचऱ्याच्या ठरलेल्या जागी रवाना झाली. मला जवळ येऊ दिलं नाही, म्हणून मी लांब खुर्चीवर बसून उत्साह वाढवत होतो. ब्रेंडन म्हणाला, "आजा, उत्साह पुरे, चहा आणा." खड्ड्यात पाझरणाऱ्या पाण्यालाही किमने तिच्या नळ्यांतून फिरवलं. शेवटचा अंशसुद्धा विकराच्या दाढेखालून गेला पाहिजे म्हणते. आता तिथे कोरी लाल माती आहे. दगडी पाटाचा उतारही ब्रेंडनने फिरवून दिला, आपल्या लहानपणीचा केला. म्हणजे पाणी पुन्हा तुझ्या वाडीकडे जाईल.

पाणी बारा दिवस स्वच्छ! रोजच्या रोज तपासलंय. नळ्या बंद करून आठ दिवस झाले, तरी वर आलेलं नाही. धोंडिरामने बादलीतले तिघे आणि नवे वीस सोडले. काल त्याने मला हाक मारली, "मास्तर, लवकर या, बघा!" मला वाटलं, गेले. वाकून पाहिलं तर काठाशी पापणीच्या केसाएवढी पिल्लं. पिल्लं, बेला! विहिरीत बाळंतपण झालं! मी तिथेच टाळ्या वाजवल्या.

आत आभाळ होतं. गोल. तुझी ओळ मी मोठ्याने म्हटली आणि खालून तशीच परत आली.

किम आता माझ्याशी बोलते. पहिलं वाक्य होतं, "चष्मा कुठे ठेवलास?" तेवढ्यावर मी आठवडा काढला.

पास्कलची बायको काल म्हणाली, बेलाबाय नाही आली तर घागर मी काढते, चालीरीत मोडायला नको. किमने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काकी, मग घागर कोरडी राहील. मी घरच्या नळाखाली अंघोळ करीन. माझ्यासाठी पाणी साफ केलं नाही मी. बेला आजीसाठी केलं."

मला हे आजवर कळलंच नव्हतं. मला वाटायचं, पोरीला रीतीची हौस आहे.

शनिवारी, १ तारखेला, पाच वाजता बँड क्रुसापासून निघेल. तू ये असं मी म्हणत नाही. पाणी कसं आहे, माती कुणाची होती, पिल्लं झाली, एवढं तुला कळवायचं होतं. तुझ्या वाडीतल्या पपईला फळ धरलंय. कुणी तोडलेलं नाही.

तुझाच आहे, नको असलो तरी
जॉन


मुलुंड
२९ जानेवारी

जॉन,

तुझी सगळी पत्रं वाचली. पाचवं दोनदा. कलकल कुत्र्यालासुद्धा चाववले नाहीत.

रागावले होते ते तुझ्या औषधावर नाही. चूक कुणाचीही होते. तू माझ्यासमोर उभा राहून 'जाऊ दे' म्हणालास, त्याचा राग आहे. तो आहे अजून. लग्नापुरता मुलुंडला ठेवून येते. नंतर बघू.

माझं लाल लुगडं तुमच्याकडे मोठ्या पेटीत आहे. ऊन दाखव. घागर चिंचेने घास, पावडरने नाही. पपई माझी आहे, हात लावू नकोस.

आणि नीट ऐक. पहिली घागर मीच काढणार. पण ती किमच्या डोक्यावर जाणार नाही. आधी ज्याने विष ओतलं त्याच्या डोक्यावर. पाणी खरंच साफ झालंय की नाही, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. बँडच्या समोर, सगळ्या पाखाडीसमोर. पोरीला दुसरी घागर.

जुना सदरा घालून विहिरीवर उभा राहा. पाच म्हणजे पाच.

बेला

ता. क. कवितेत आशय होता.